लॅक्रॉसच्या कीर्तिमंदिरांतील दोन सोबती

अमेरिकेंतील महाविद्यालयांतून लॅक्रॉस नांवाचा एक खेळ मोठ्या हौसेनें खेळला जातो. एका बाजूस दहा गडी. प्रत्येकाच्या हातीं टोकास जाळी लावलेली काठी. त्या जाळीनें चेंडू झेलावयाचा, पळत न्यावयाचा व प्रतिपक्षाच्या गोलांत मारावयाचा. आमच्या हॉकी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांस तो समजावयास कठीण जाणार नाहीं. मात्र येथें चेंडू बहुतेक वेळ हवेंतच असतो.

या खेळांतील श्रेष्ठ खेळाडूंचीं नांवें जतन व्हावीं म्हणून सन १९५७ मध्यें राष्ट्रीय लॅक्रॉस कीर्तिमंदिर स्थापन झालें. तें आतां मेरीलँड संस्थानांतील स्पार्क्स येथें आहे. त्यांत पुढें सन्मान पावलेले दोघे त्याच १९५७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज विद्यापीठाच्या एकाच संघांत खेळत होते. तो संघ दहा सामने खेळला व दहाही त्यानें जिंकले.

पहिले जिम ब्राउन. हे कृष्णवर्णी तरुण त्या हंगामांत ४३ गोल करून गेले. काठी अंगाशीं इतकी घट्ट धरून ते धांवत कीं, प्रतिपक्षास चेंडू पाडतां येत नसे. पुढें या युक्तीस आळा घालण्यासाठीं नियमच बदलावा लागला, असें सांगतात. शेवटच्या सामन्याच्या दिवशीं त्यांनीं आधीं उंच उडी व थाळीफेक यांत पहिला क्रमांक मिळविला, आणि मग लॅक्रॉसच्या मैदानांत उतरले! पुढें अमेरिकन फुटबॉलमध्यें त्यांची कीर्ति याहून मोठी झाली. सन २०२३ मध्यें ते निवर्तले.

इतकें होऊनहि राष्ट्रीय अजिंक्यपद सिराक्यूजला मिळालें नाहीं. त्यासाठीं महाविद्यालयांची अखेरची स्पर्धा १९७१ पासून सुरू झाली. तोंपर्यंत तो मान निवडीनें दिला जाई, व त्या वर्षीं तो जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठास गेला.

आमच्या मतें मात्र त्या संघांतील अधिक मननीय चरित्र गोलरक्षकाचें आहे. ओरेन लायन्स हे ओनोंडागा जमातीचे. लॅक्रॉस हा मूळचा ओनोंडागादि सहा इरोक्वॉय राष्ट्रांचा खेळ. तो परमेश्वरानें दिला अशी त्यांची श्रद्धा असून रोग्यास बरें वाटावें म्हणूनहि तो खेळला जातो. माँट्रिऑलचे दंतवैद्य जॉर्ज बीअर्स यांनीं १८६७ मध्यें त्याचे नियम लिहून काढले. आणि १८८० मध्यें, हे लोक पैसे घेऊन खेळतात या सबबीवर, कानडांतील हौशी संघांच्या स्पर्धांतून त्यांनाच वगळण्यांत आलें. ज्यांच्या घरचा खेळ, तेच दाराबाहेर!

लायन्स यांचा जन्म १९३० चा. ते चित्रकलेचे विद्यार्थी; सैन्यांतील नोकरी करून मग विद्यापीठांत आले व १९५८ मध्यें पदवीधर झाले. कांहीं वर्षें न्यूयॉर्क शहरीं चित्रकाराचा व्यवसाय केल्यावर ते आपल्या लोकांत परतले. १९८३ मध्यें इरोक्वॉय लोकांचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ उभा राहिला, त्यांत त्यांचा पुढाकार होता. १९९० मध्यें हा संघ जागतिक स्पर्धेसाठीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें गेला. त्या प्रवासांत खेळाडूंजवळ अमेरिकेचीं किंवा कानडाचीं नव्हेत, तर त्यांच्या स्वतःच्या राष्ट्रानें दिलेलीं पारपत्रें होतीं.