मंगळाचे पंचांग : कृती

ही कृती पूर्ण झाली की तुमच्या हातात मंगळ ग्रहाची बारा महिन्यांची दिनदर्शिका असेल. पृथ्वीवरची कुठलीही तारीख घ्या, त्या दिवशी मंगळावर कोणता महिना आणि कितवा सोल होता हे तिच्यावरून सांगता येईल. साहित्य फारसे लागत नाही: चौकटीचा कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर आणि एक निवांत दुपार. सोल म्हणजे मंगळाचा दिवस. १९७६च्या व्हायकिंग मोहिमांपासून हा शब्द रुळला आहे आणि तो सोयीचाही आहे, कारण ‘दिवस’ म्हटले की मनात पृथ्वीचाच दिवस येतो.

आधी माझी भूमिका सांगतो. मंगळासाठी सुचवलेल्या बऱ्याच दिनदर्शिकांत महिने जवळपास सारख्या लांबीचे आहेत. मला ते पटत नाही. सूर्याने रास बदलली की महिना बदलायचा, ही आपल्याकडच्या सौर पंचांगाची रीत मंगळाला फार चांगली लागू पडते. खालची मांडणी त्याच रीतीने केली आहे.

दिवस मोजा

मंगळ स्वतःभोवती एक फेरी २४ तास ३७ मिनिटे २२.६६ सेकंदांत पूर्ण करतो. हा आकडा ताऱ्यांच्या संदर्भातला आहे. दिनदर्शिकेसाठी तो घेऊ नका. आपल्याला हवा आहे तो एका मध्यान्हापासून पुढच्या मध्यान्हापर्यंतचा काळ. एक फेरी होईपर्यंत मंगळ कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायला त्याला आणखी थोडे वळावे लागते. वर्षभरात मंगळाच्या ६६९.६ फेऱ्या होतात आणि मध्यान्हे मात्र ६६८.६ होतात. एक फेरी सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत जमा होते. पृथ्वीचेही असेच आहे: फेऱ्या ३६६.२४, दिवस ३६५.२४. या हिशेबाने सरासरी सोल २४ तास ३९ मिनिटे ३५.२४४ सेकंदांचा, म्हणजे ८८,७७५.२४४ सेकंदांचा निघतो.

दुसरा ग्रह निवडायचा असेल तर हे गणित सगळ्यात आधी करा. बुध ५८.६ दिवसांत स्वतःभोवती आणि ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरतो. तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे बुधाची दोन वर्षे. तिथे पुढची एकही पायरी चालणार नाही.

सोलाचे भाग पाडा

इथे दोन वाटा आहेत. पहिली वाट अशी: पृथ्वीचा सेकंद कायम ठेवायचा आणि मध्यरात्रीनंतर उरलेली साडेएकोणचाळीस मिनिटे घड्याळ थांबवायचे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ या १९९२च्या कादंबरीत माणसे असेच करतात. दुसरी वाट नासाच्या मोहिमांची. सोलाचे २४ तास, तासाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद हे सगळे तसेच ठेवायचे, पण प्रत्येक माप १.०२७५ पट ताणायचे. २००४ साली स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी मंगळावर उतरले तेव्हा त्यांच्या चमूतले लोक याच वेळेने जगत होते. कॅलिफोर्नियातील माँट्रोजचे घड्याळजी गारो अन्सर्लियन यांनी त्यांच्यासाठी यांत्रिक मनगटी घड्याळांची गती कमी करून दिली होती.

दुसरी वाट धरा. घटिकेची कल्पनाही अशीच आहे: अहोरात्राचा साठावा भाग ती घटिका, मग अहोरात्र कितीही लांब असो. पृथ्वीवर घटिका २४ मिनिटांची, मंगळावर २४ मिनिटे ३९.६ सेकंदांची. प्रयोगशाळेत, दवाखान्यात आणि रेडिओ संदेशांत मात्र पृथ्वीचा सेकंदच ठेवावा लागेल. नाडीचे ठोके ताणलेल्या सेकंदांत मोजले तर पृथ्वीवरच्या नोंदींशी ते जुळणार नाहीत.

अहर्गण घ्या

महिने आणि वर्षे पाडण्याआधी सोलांची एक सलग मोजणी हाताशी असली पाहिजे. आपले ज्योतिषी ग्रहगणितासाठी ठरलेल्या आरंभापासून दिवस मोजत आणि त्या संख्येला अहर्गण म्हणत. मंगळाचा अहर्गण मायकेल अ‍ॅलिसन आणि मेगन मॅकइवेन यांनी २००० साली नीट बांधून दिला. त्याचा आरंभ २९ डिसेंबर १८७३ रोजी होतो. तुमच्या क्षणाचा ज्युलियन दिवसांक, म्हणजे खगोलशास्त्रातल्या सलग दिवसमोजणीतला आकडा, घ्या, त्यातून २४०५५२२.००२८७७९ वजा करा आणि १.०२७४९१२५१७ ने भागा. उत्तरातला पूर्णांक म्हणजे सोलांची संख्या. अपूर्णांकाला २४ ने गुणले की मंगळाच्या मूळ रेखावृत्तावरची वेळ मिळते.

हे रेखावृत्त एअरी-० नावाच्या लहानशा विवरातून जाते. ग्रिनिचला ज्यांच्या दुर्बिणीने पृथ्वीची शून्य रेषा ठरली त्या जॉर्ज एअरींचे नाव तिकडेही पोचले आहे. तिथून पूर्वेकडे दर १५ अंशांना एक तास मिळवा. विषुववृत्तावर असा एक पट्टा सुमारे ८९० किलोमीटर रुंदीचा होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा: मोजणी शून्यापासून की एकापासून? क्युरिऑसिटीचा उतरण्याचा सोल शून्यावा धरला, स्पिरिटचा पहिला. दोन मोहिमांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की हा एका सोलाचा फरक फार त्रास देतो. आपण महिन्याचा पहिला सोल १ धरू.

वर्ष ठरवा

वर्ष कुठून मोजायचे? आपल्याकडचा सायन-निरयन वाद, म्हणजे वर्ष ऋतूंवरून मोजायचे की ताऱ्यांवरून हा वाद, ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. निरयन वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. त्यामुळेच आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि सूर्याचे उत्तरायण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू झालेले असते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या १८९६च्या ग्रंथात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आणि ते स्वतः सायनवादी होते. मंगळावर तर परंपरेचे ओझेच नाही, म्हणून सायन वर्षच घ्या. उत्तर गोलार्धातल्या वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंत ६६८.५९०७ सोल होतात.

आता अपूर्णांक बसवा. .५९०७ म्हणजे दहा वर्षांत जवळपास सहा वर्षे ६६९ सोलांची आणि चार ६६८ सोलांची. नियम असा करा: वर्षांकाचा शेवटचा अंक विषम किंवा शून्य असेल तर ६६९ सोल. याने सरासरी ६६८.६ येते आणि सुमारे १०७ मंगळवर्षांत एका सोलाची चूक साचते. म्हणून १०० ने भाग जाणारी वर्षे ६६८ची करा, सरासरी .५९ वर येईल. १००० ने भाग जाणारी पुन्हा ६६९ची केली की .५९१. एवढे पुरे. पृथ्वीवर लीप वर्ष अपवाद असते. मंगळावर अशीच वर्षे जास्त असतील.

महिने पाडा

चंद्रांकडे पाहून उपयोग नाही. फोबॉस साडेसात तासांहून थोड्याच जास्त वेळात मंगळाला फेरी घालतो, इतक्या वेगाने की तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. डीमॉसची फेरी सुमारे ३० तासांची. दोघांपैकी कुणीही महिना देत नाही, आणि अमावस्या-पौर्णिमा नसल्यावर अधिकमासाचाही प्रश्न उरत नाही.

सारख्या महिन्यांची सर्वांत परिचित मांडणी टॉमस गॅंगेल यांची १९८५ची डेरियन दिनदर्शिका. तिच्यात २७-२८ सोलांचे २४ महिने आहेत. त्यांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील, कारण एक लॅटिन आणि लगेच एक संस्कृत अशी जोडीने येणारी ती राशींची नावे आहेत: सॅजिटेरियसनंतर धनुस, कॅप्रिकॉर्नसनंतर मकर, अ‍ॅक्वेरियसनंतर कुंभ. कल्पना सुंदर आहे आणि गणितही स्वच्छ आहे. पण त्या महिन्यांचा सूर्याशी मेळ बसत नाही. मंगळाची कक्षा बरीच लंबगोल आहे, तिची उत्केंद्रता ०.०९३ आहे. टायको ब्राहेने घेतलेल्या मंगळाच्या वेधांवर काम करतानाच केप्लरला ग्रहांच्या कक्षा वर्तुळ नसल्याचे उमगले आणि १६०९ साली त्याने ते प्रसिद्ध केले. सूर्यापासून दूर असताना मंगळ रेंगाळतो, जवळ आला की धावतो. उत्तर गोलार्धातला वसंत १९३ सोलांचा, ग्रीष्म १७९चा, शरद जेमतेम १४३चा आणि हिवाळा १५४चा. शरदसंपात वर्षाच्या मध्यावर, म्हणजे ३३४व्या सोलाच्या आसपास यायला हवा असे वाटते. तो येतो ३७२व्या सोलाला. सारखे २४ तुकडे केले की ऋतूंच्या सीमा महिन्यांच्या मधेच कुठेतरी पडतात.

म्हणून असे करा. वसंतसंपाताला सूर्याचे भोगांश शून्य धरा. सूर्य ३० अंश पुढे गेला की संक्रांत, आणि ज्या सोलात संक्रांत पडेल त्या सोलापासून नवा महिना. मंगळाच्या हवामानाचे अभ्यासक वर्षाचे असेच बारा भाग करतात, फक्त ते त्यांना क्रमांक देतात. आपण राशींची नावे देऊ. ही नावे त्या ३० अंशांची आहेत एवढे ध्यानात असू द्या. मंगळावरून पाहिले तर त्या काळात सूर्य त्याच नावाच्या तारकासमूहात दिसेलच असे नाही.

कागदावर एकाखाली एक लिहा: मेष ६१, वृषभ ६५, मिथुन ६७, कर्क ६४, सिंह ६०, कन्या ५४, तूळ ५०, वृश्चिक ४७, धनु ४६, मकर ४८, कुंभ ५०, मीन ५६. बेरीज ६६८. मोठ्या वर्षी मीन ५७ सोलांचा.

या यादीकडे थोडा वेळ पाहा. मिथुन सर्वांत लांब, कारण मंगळ सूर्यापासून सर्वांत दूर ७१ अंशांच्या सुमारास असतो. धनु सर्वांत आखूड, कारण २५१ अंशांवर तो सर्वांत जवळ येतो. आपल्या निरयन सौर महिन्यांतही मिथुन सर्वांत लांब, साडेएकतीस दिवसांहून मोठा, आणि धनु सर्वांत आखूड, साडेएकोणतीसांहून लहान. हा योगायोग आहे, पण ज्याने सौर महिन्यांची कोष्टके पाहिली आहेत त्याला मंगळाचे कोष्टक वाचायला शिकवावे लागणार नाही. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ला लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत. तेव्हा सूर्य संथ चालतो, हेच त्याचेही कारण.

अशा महिन्यांचा उपयोग कामात दिसतो. धनु महिन्यात मंगळाला मिथुनपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक ऊन मिळते आणि धुळीची मोठी वादळे तूळ ते मीन या अर्ध्या वर्षात येतात. सौर तावदानांवर चालणाऱ्या वस्तीला महिन्याचे नाव ऐकूनच कळले पाहिजे की आता साठवण करायची.

वार

सात वार ठेवा आणि ते कधीही तोडू नका. गॅंगेल यांनी प्रत्येक महिना एकाच वाराने सुरू व्हावा म्हणून २७ सोलांच्या महिन्याअखेर एक वार गाळला आहे. मला ही तडजोड मान्य नाही. जगातल्या इतक्या कालगणना बदलल्या तरी सात वारांची माळ अखंड राहिली आहे. पृथ्वीच्या वारांशी जुळवायला मात्र जाऊ नका: दर साडेसदतीस दिवसांच्या आतच दोन्हींमध्ये एका वाराचे अंतर पडते.

वर्षांक आणि पडताळा

वर्षांक नव्याने शोधू नका. टॉड क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ११ एप्रिल १९५५च्या वसंतसंपातापासून मंगळवर्ष १ धरले आणि आता शास्त्रज्ञ तेच वापरतात. १९५६चे मोठे धुळीचे वादळ या पहिल्याच वर्षात येते.

आता दिनदर्शिका तपासा. मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाच्या कक्षेत शिरले. मंगळवर्ष ३२ सुरू झाले होते ३१ जुलै २०१३ला. मधले दिवस ४२०. त्यांना १.०२७५ ने भागा: ४०८ पूर्ण सोल आणि वर काही भाग. कन्येअखेर ३७१ सोल संपतात, उरले ३७, म्हणजे चालू सोल अडतिसावा. तारीख आली मंगळवर्ष ३२, तूळ ३८. दुसरा पडताळा ऑपॉर्च्युनिटीचा. तिचा शेवटचा संदेश १० जून २०१८चा, वर्ष ३४ सुरू झाले ५ मे २०१७ला. ४०१ दिवस, ३९० सोल, तूळ २०. वादळांचा काळ नुकताच लागला होता आणि ग्रहभर पसरलेल्या धुळीने तिची तावदाने झाकोळली. संपाताचा नेमका क्षण न घेता नुसत्या तारखेवरून मोजल्यामुळे या उत्तरांत एखाद्या सोलाचा फरक पडू शकतो. तो काढायचा असेल तर वर लिहिलेला अहर्गण वापरा.

मंगळवर्ष ३८ हे १२ नोव्हेंबर २०२४ला सुरू झाले आणि ३९ हे ३० सप्टेंबर २०२६ला सुरू होते. त्या दोन तारखांमधला तुमचा एखादा दिवस घ्या आणि स्वतः मोजा. महिन्यांची यादी मात्र पेन्सिलीनेच लिहा: मंगळाचा सूर्याजवळचा बिंदू संपातापासून हळूहळू सरकत सुमारे ५१ हजार वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, त्यामुळे काही शतकांनी आधी एखाद-दुसऱ्या महिन्यात एक सोल कमी-जास्त करावा लागेल आणि पुढे सर्वांत लांब महिन्याचा मान मिथुनकडून दुसऱ्या महिन्याकडे जाईल.