तळणीचे उरलेले तेल

मुलांनो, भिंगारच्या बाजारातून जाताना गरम समोशांचा वास येतो ना? समोसे घेण्याआधी कढईतले तेल पाहा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले, की ते काळे व घट्ट होते. असे तेल अपायकारक असते. म्हणून बिघडलेल्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू झाला.

हे तेल मोरीत ओतले, तर नळ तुंबतो. स्वस्तात विकले, तर ते पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाते. म्हणून २०१८ मध्येच ‘रुको’ योजना सुरू झाली. हॉटेलांतील तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवतात. वापरलेले तेल पोटात गेले तर आजार. इंजिनात गेले तर इंधन!

शब्दार्थ : अपायकारक – नुकसान करणारे, मोरी – सांडपाण्याची जागा, इंधन – जळण.