नडगीच्या हाडाचा अस्थिभंग : शस्त्रक्रियेच्या तीन पद्धती

गुडघा व घोटा यांच्या दरम्यान दोन हाडे असतात. त्यांपैकी शरीराचा भार मुख्यत्वे नडगीच्या हाडावर पडतो. त्याच्या आतील बाजूस स्नायूंचे आवरण नसून केवळ त्वचा असते. त्यामुळे अपघातात हे हाड मोडून त्वचेबाहेर येण्याचा व जखमेत जंतू शिरण्याचा धोका अधिक असतो. खालच्या तृतीयांश भागास रक्तपुरवठाही बेताचाच असल्याने तेथील हाड सावकाश जुळते. म्हणून उपचार ठरविताना हाडाइतकाच त्वचेचाही विचार करावा लागतो.

हाड फारसे सरकलेले नसल्यास पुष्कळदा प्लास्टरने काम भागते. शस्त्रक्रिया आवश्यक ठरल्यास प्रमुख पद्धती तीन आहेत.

१. सळई : गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवून दोन्ही टोकांस स्क्रूने पक्की करतात. जर्मन शल्यविशारद गेऱ्हार्ड कुंट्शर यांनी १९४० साली ही कल्पना वैद्यकीय जगतापुढे मांडली. हाड मध्यभागी मोडले असता ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते व रुग्ण लवकर चालू लागतो. मात्र काहींना गुडघे टेकून बसताना पुढे वेदना होत राहतात.

२. पट्टी : सांध्यालगतचे तुकडे पट्टी व स्क्रू यांनी अचूक जुळविता येतात. परंतु सुजलेल्या त्वचेवर छेद घेतल्यास जखम चिघळते. म्हणून सूज ओसरण्याची वाट पाहावी लागते. घोट्याजवळील अस्थिभंगाच्या ३२१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सळई व पट्टी यांच्यात सहा महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही.

३. बाहेरील चौकट : हाडात तारा वा खिळे घालून ते पायाबाहेरील चौकटीस जोडतात. सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी वर्तुळाकार चौकट विकसित केली. मोठ्या उघड्या जखमेत ही पद्धत उपयोगी पडते; मात्र खिळ्यांभोवतीची त्वचा नित्य स्वच्छ ठेवावी लागते. टांझानियात उघड्या अस्थिभंगांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरातील गंभीर गुंतागुंतींबाबत सळई व चौकट यांत लक्षणीय फरक दिसला नाही. हाड सरळ जुळण्यात मात्र सळई सरस ठरली.

तात्पर्य, एकच पद्धत सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. हाड कोठे मोडले, त्वचेची स्थिती काय व रुग्णालयात कोणती साधने आहेत, यांवर निवड अवलंबून असते.

परंतु कोणत्याही पद्धतीचे यश पहिल्या काही तासांवरही अवलंबून असते. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकावी. पायास फळीचा आधार देऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण उघड्या जखमेत जंतुनाशक औषध जितके लवकर सुरू होईल तितके हिताचे. चोळणे व घट्ट बांधणे कटाक्षाने टाळावे. पोटरी ताठ होऊन बोटे हलविताना असह्य कळा येऊ लागल्या, तर आतील दाब वाढून स्नायू मृत होण्याचा संभव असतो. अशा वेळी काही तासांचा विलंबही पाय गमावण्यास कारण होऊ शकतो. ग्रामपंचायती व शिक्षक यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेकांचे पाय व त्यांच्या कुटुंबांची उपजीविका वाचू शकेल.