ओवीचा चौथा चरण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. मी वाचायला घेतला आणि आधी अक्षरे मोजत बसले. सवय अभंगाची! मोठ्या अभंगात ६-६-६-४ असा हिशेब. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. इथे हिशेब काही जुळेना. म्हटलं, कवी जन्माने इंग्रज, चुकला असेल.

डिचोलीच्या मैत्रिणीने तेच पान घेतलं आणि घरी श्रावणात पोथी लावतात त्या चालीवर वाचलं. कुठेच अडलं नाही. चूक माझ्या मोजण्यात होती. ग्रंथातल्या ओवीला अक्षरसंख्येचे काटेकोर बंधन नाही, ज्ञानेश्वरीतही नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बहुधा यमकाविना, एवढेच तिचे रूप. स्टीफन्सनीही तेच घेतले.

चौथा आखूड का? नमुन्याला माझीच एक साधी ओवी घेते:

दिवा लागला दारात ।
घंटा वाजे देवळात ।
आई जोडे दोन्ही हात ।
आमच्यासाठी ॥

आता शेवटी ‘आमच्या सुखदुःखात’ असे घालून पाहा. यमक जुळले, अक्षरेही आठ झाली. पण ओवी गेली! चारही चरण सारखे झाले की टाळी वाजते, थांबा मिळत नाही. तीन यमके कानाला पुढे ओढतात, चौथा चरण अपेक्षा मोडून थांबवतो. वाचणारा श्वास घेतो, ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ उतरतो. म्हणून ओवी कथेला चालते आणि प्रार्थनेलाही.

पेडणे-डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिथे घराघरांत पोथी टिकली. साष्टीत मात्र सोळाव्या शतकातच नवख्रिस्तींची जुनी पुराणे सुटली होती. स्टीफन्सनी त्यांना बायबलची कथा दिली, ती त्यांच्या ओळखीच्या चालीत. देव नवा होता, ऐकण्याची रीत जुनीच राहिली.

आमच्या घरी पोथी नाही, त्यामुळे ती चाल मला मैत्रिणीकडून शिकावी लागली. पण चारशे वर्षांपूर्वी ती आमच्याही कानात होती. तेव्हा हा ग्रंथ अभ्यासायचा तर आधी मोठ्याने वाचा, मोजणी नंतर.