अब्बांसाठी जुना संगणक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले संगणकही मिळतात. जाड पुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप अब्बांच्या दुकानाच्या हिशेबाला पुरतो. मात्र स्वस्त दिसला म्हणून लगेच पैसे देऊ नका.

आधी प्रोसेसर विचारा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ‘आय-५ ८५००’ मधला ८ म्हणजे आठवी पिढी. ‘आय-५ ६५००’ कितीही चकचकीत असो, तो नको. अब्बा त्यावर बँकेचेही काम करणार ना?

संगणक दुकानातच चालू करून पाहा. विंडोजमध्ये उर्दू कळफलक असतो. तो सुरू करा आणि अब्बांनाच त्यांचे नाव लिहू द्या. अक्षरे बारीक वाटली, तर तिथेच मोठी करून घ्या.