मोबाईल कुठून येतो, कुठं जातो?

ताईंनो, गटात कुणी कर्ज मागितलं की आपण विचारतो : पैसा कशाला, फेड कशातून, अडचण आली तर काय? यालाच जोखीम पाहणं म्हणतात. आता हातातल्या मोबाईलबद्दल असंच विचारून बघू.

त्याच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट हा धातू असतो. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून निघतो. तिथं काही खाणी हातानं खणतात. त्यात लेकरंही दगड वेचतात, बाया पाण्यात उभ्या राहून खनिज धुतात. व्यापाऱ्याकडं सगळा माल एकाच ढिगात पडला की कुठला दगड कुणी काढला, काही कळत नाही.

पुढं जोडणी, आणि ती आपल्या देशातही होते. डिसेंबर 2021 मध्ये तमिळनाडूत श्रीपेरंबुदूरला, आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या दीडशेहून जास्त मुली वसतिगृहातलं जेवण बाधून दवाखान्यात गेल्या. बाकीच्या मुली थेट महामार्गावर बसल्या. त्यानंतर काही वसतिगृहं आणि जेवणाच्या जागा आपल्या नियमांत बसत नाहीत, असं ॲपल कंपनीनंच सांगितलं. माझं मत विचाराल तर, कागद तपासण्याऐवजी मुलींना विचारलं असतं तर हे आधीच कळलं असतं.

हे लांबचं वाटतं का? आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम आणि उचल चांगली माहीत आहे. कारखान्यात मुली नेणारा ठेकेदार त्याच जातीचा. तो दारात आला तर आधी विचारा : नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं? पगार पोरीच्याच खात्यात येणार का? पीएफ कापणार का? एका खोलीत किती जणी? रात्रपाळीनंतर गाडी आहे का? तक्रार समितीत कोण? (दहा किंवा जास्त कामगार असले की 2013 च्या कायद्यानं ती लागतेच.) मूळ मार्कशीट, आधारकार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि तिथं आधी काम केलेल्या एका तरी मुलीशी फोनवर बोला, ठेकेदार जवळ नसताना.

राहिला बंद पडलेला मोबाईल. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. डाक लावलेल्या जुन्या भागांत शिसं असतं, ते मातीत उतरतं. आपण तर सिद्धेश्वर धरणाच्या काठची माणसं, पावसाचं पाणी शेवटी कुठं जातं हे सांगायला नको. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, आणि तो नोंदणीकृत केंद्रातच मोडायचा आहे.

तोवर जुने मोबाईल, चार्जर ग्रामसंघात एका कोरड्या खोक्यात ठेवू. फुगलेली बॅटरी मात्र त्यात नको. ती वेगळ्या डब्यात, कोरड्या वाळूत, चुलीपासून आणि लेकरांपासून लांब.