सुट्टी झाली, आता दुपारच्या डब्याचे बघा

दवाखान्यातून म्हाताऱ्या माणसाची सुट्टी झाली की घरचे लोक गोळ्यांचा हिशेब नीट ठेवतात, जेवणाचा मात्र ठेवत नाहीत. वास्तविक उतारवयात दहा दिवस अंथरूण धरले, तर पायांचे सुमारे एक किलो मांस झिजते. ही झीज केवळ औषधांनी भरून निघत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात आजाऱ्याला पेज, मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी देतात. एक-दोन दिवस ते ठीक. पुढे महिनाभर तेच दिले, तर पोट भरते, ताकद येत नाही. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ आणि ३० ग्रॅम डाळीत ७ ग्रॅम मिळतात. म्हणून घट्ट वरण, अंडे, मासळी, दही द्यावे. दात नसतील तर कुस्करून, थोडे थोडे, दिवसातून पाच वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे. बरेच दिवस उपास घडला असेल, तर आहार हळूहळूच वाढवावा.

खरी अडचण दुपारची आहे. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपानाच्या हंगामात घरचे सारे पहाटेच बाहेर पडतात. मागे उरतात म्हातारबा आणि झाकून ठेवलेला भात. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबतो. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर साखर घसरून माणूस बेशुद्धही पडतो. असे वृद्ध माझ्याकडे पुन्हा येतात, तेव्हा विचारल्यावर कळते की ते दुपारी जेवलेच नव्हते.

ब्रिटनमध्ये १९४३ साली, ऐन युद्धात, महिला स्वयंसेविकांनी वृद्धांना घरपोच गरम जेवण देणे सुरू केले. आपल्याकडे २०१५ च्या अमृत आहार योजनेने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळच्या ताज्या जेवणाची सोय केली. आजारातून उठलेल्या वृद्धासाठी शेजारच्या चार घरांनी पाळी लावली, तर महिनाभर दुपारचा डबा सहज निघेल. डाळ-तांदूळ त्याच्या घरचे देतील. प्रश्न फक्त शिजवून नेण्याचा आहे.

डबा नेणाऱ्याने रुग्णाला बसवून जेवू घालावे, नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये आणि ताटात काय उरले ते पाहावे. घास गिळताना ठसका लागत असेल किंवा दोन दिवस अन्न जात नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.